चेस्टनटची सवय

शनिवारी सकाळी पिठाच्या पेटीचं झाकण सरकेना. लेटीने आधी अंगठ्याने ढकललं, मग तळहाताने. सुरीचं टोक फटीत घालायला गेली, तर फटच सापडेना. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"अमोस, तुझं हे झाकण माझं काही ऐकत नाही. तुझं ऐकतंय का बघ, नाहीतर आज पॅनकेक विसर."

अमोस आयलर शेडमध्ये पटाशीला धार लावत होता. हात पुसत तो आत आला. दोन्ही अंगठे झाकणावर टेकवून त्याने जोर लावला. झाकण तसूभरही हललं नाही. त्याने पुन्हा जोर लावला, आणि मग हात तिथेच ठेवून तो उभा राहिला. पेटी त्याच्या वडिलांनी केलेली, जुन्या चेस्टनटच्या लाकडाची. झाकण मात्र नवं, ओकचं. जुलैत त्याने स्वतः बसवलं होतं आणि तेव्हा ते एका बोटाने सरकत होतं. गेले तीन दिवस डोंगरावरून धुकं उतरलं नव्हतं. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. मिठाच्या भांड्यात मिठाचा खडा झाला होता.

त्याने झाकणाची कड बोटाने चाचपली.

त्या झाकणाचा तुकडा वरून आणलेला होता. वर म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या छावणीतून, जिच्याबद्दल खोऱ्यात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

ती छावणी अमोसनेच उभी केली होती. एकट्याने नव्हे, मंदीच्या दिवसांत सरकारने कामाला लावलेल्या साठ माणसांपैकी तो एक, पण सुतारांचा मुकादम तो. तेव्हा ती शहरातल्या अपंग मुलांच्या उन्हाळी सुट्टीसाठी होती. म्हणून कुठल्याच खोलीला पायरी नव्हती, उतार होते. सगळ्या खोल्या चेस्टनटच्या. रोगाने डोंगरावरचं एकूण एक चेस्टनट मारलं होतं, पण मेलेली झाडं पंधरा-पंधरा वर्षं उभीच वाळत राहिली होती. असं लाकूड एकदा बसवलं की बसलं. ना फुगतं, ना आकसतं, ना पीळ खातं. खोऱ्यातल्या सुतारांच्या तीन पिढ्या त्याच लाकडावर वाढल्या होत्या. सांध्यात सुरीचं पातं शिरलं तर तो सांधा कसला, असं म्हणणारी माणसं ती.

मग देश युद्धात उतरला आणि या वर्षी वसंतात नौदलाने छावणी ताब्यात घेतली. भोवती तारेचं कुंपण आलं. जुलैत एका लेफ्टनंटने अमोसला बोलावणं पाठवलं. लेफ्टनंट प्रेंटिस तिशीचा, उंच, दाढी घोटून घोटून गाल लाल झालेला. त्याने सगळ्यात मोठ्या खोलीतली झोपायची जागा दाखवली आणि नुसतं इतकंच सांगितलं, की इथे झोपणारी व्यक्ती पायांवर चालू शकत नाही. आग लागली आणि दाराकडची वाट बंद झाली, तर त्या व्यक्तीला चाकाच्या खुर्चीसकट बाहेर पडता आलं पाहिजे.

अमोसने पलंगाशेजारच्या भिंतीचा चार फूट रुंद तुकडा कापला. तिथे नवी भिंत बसवली, खाली बिजागऱ्या, वर कडी, दोराला बांधलेलं वजन. कडी ओढली की भिंत बाहेरच्या बाजूला सावकाश आडवी व्हायची आणि तिचाच उतार व्हायचा. बाहेरून तिला चेस्टनटच्या साली ठोकल्या होत्या, कुणाला शंका येऊ नये म्हणून. पण आतल्या फळ्या ओकच्या होत्या, कारण चेस्टनट आता कुठल्याच वखारीत उरलं नव्हतं. भट्टीत वाळवलेलं ओक ट्रकने आलं, हाडासारखं कोरडं. महिनाभर पाऊस नव्हता. अमोसने फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या, कडा रंध्याने साफ केल्या, आणि भिंत अशी बसवली की सांधा डोळ्याला दिसू नये. प्रेंटिसने कडी ओढून बघितली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. तीस वेळा तरी. तिसाव्यांदा तो पहिल्यांदाच हसला होता.

उरलेला एक तुकडा अमोसने हत्यारांच्या पेटीत टाकून घरी आणला. छावणीतून बाहेर काही न्यायला बंदी होती. पण चांगलं लाकूड चुलीत घालायचं त्याच्या जिवावर आलं.

आणि आता तोच तुकडा पिठाच्या पेटीत अडकून बसला होता. फूटभर रुंदीचा. वरची भिंत चार फुटांची होती.

"काय झालं?" लेटीने विचारलं.

"लाकूड फुगलं."

"ते मलाही दिसतंय. तू का पांढरा पडलास?"

त्याने पेटी आपल्याकडे ओढली. जुलैत पहिल्याच दिवशी प्रेंटिसने बायबल पुढे केलं होतं, गुप्ततेची शपथ घ्यायला. अमोस ब्रदरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला. त्यांच्यात शपथ घेत नाहीत; माणसाने हो म्हटलं की ते हो, त्याला देवाला साक्षीला बोलवायचं नसतं. ते ऐकून लेफ्टनंटचे डोळे बारीक झाले होते. आयलर हे नाव कुठलं, त्याने विचारलं. जर्मन, दोनशे वर्षांपूर्वीचं, अमोस म्हणाला. मुलगा आहे का, कुठल्या पलटणीत? मुलगा रूबेन बंदूक धरायला नकार देऊन पेनसिल्वेनियात सरकारी छावणीत झाडं लावत होता. तेही अमोसने सांगितलं. प्रेंटिसने बायबल मिटून बाजूला ठेवलं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, मग नुसता शब्द द्या. या भिंतीबद्दल तुम्ही माझ्याशिवाय कुणाशी बोलणार नाही. अमोसने शब्द दिला.

त्यामुळे फोन करायची सोय नव्हती. खोऱ्यातल्या आठ घरांची तार एकच. घंटी वाजली की आठही घरांत कानाला रिसीव्हर लागत. आणि लेटीलाही सांगता येत नव्हतं.

सकाळी दुधाची गाडी घेऊन येणाऱ्याने सांगितलं होतं की वळणावर पोलीस उभे राहिलेत. म्हणजे ज्यांच्यासाठी ती भिंत केली, ते राजधानीचे पाहुणे आजच येणार, नेहमीप्रमाणे चारच्या सुमाराला. ऑगस्टमध्ये ते तीनदा येऊन गेले होते, पण ते कोरड्या हवेत. आज खोली ओली असणार, आल्या आल्या शेकोटी पेटवणार. चेस्टनटच्या भिंती, वीस वर्षं वाळलेल्या. ठिणगी पडली तर अर्ध्या तासात काही उरणार नाही, हे अमोसइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याने पेटीला मागून हातोडीचे दोन ठोके दिले आणि झाकण खाचेच्या चौकटीसकट सुटं काढलं. ते पोत्यात घातलं. वर रंधा, लांब पात्याची करवत, पटाशी.

"वर चाललास," लेटी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"झाकण घेऊन?"

"हो."

तिने ओले हात एप्रनला पुसले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि तो कधी गप्प बसतो आणि कधी त्याला गप्प बसावं लागतं, हा फरक तिला कळत होता.

"हे बघ, मला काही सांगू नकोस. पण एक लक्षात ठेव. ते लोक रूबेनची फाईल काढून बसलेत. तू आज तिथे जाऊन 'माझं चुकलं' म्हणालास, तर ते 'चुकलं' असं लिहिणार नाहीत. ते दुसरंच लिहितील."

"माहीत आहे."

"मग सोमवारी जा. सोमवारी ते शांत असतात."

"सोमवारी उपयोग नाही, लेटी."

कालचा पाव कापून, मध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा घालून, तिने कागदात गुंडाळला आणि पोत्यात टाकला.

रेशनच्या कूपनावरचं महिन्याचं पेट्रोल संपलं होतं. तो चालत निघाला. वळणावर उभा असलेला शिपाई ओळखीचाच निघाला, धाकट्या क्लाइनचा मुलगा होमर. तो रस्त्यात आडवा झाला.

"अमोसकाका, आज रस्ता बंद आहे."

"मला लेफ्टनंटला भेटायचंय. तू वर निरोप देशील?"

"काय सांगू?"

"की अमोस आयलर आलाय."

होमरने टोपी मागे सारली. तो म्हणाला, की आज रेडिओवर फक्त गाड्यांबद्दल बोलायचं, बाकी एक शब्द नाही, असा हुकूम आहे. काय काम आहे ते कळलं तर तो वरिष्ठाला विचारेल. काम काय आहे ते अमोसला सांगता येत नव्हतं. मग होमर हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी जा. आज नको. तुमचं नाव आधीच लोकांच्या तोंडात आहे."

सव्वाबारा वाजले होते. अमोस मागे वळला, धुक्यात होमर दिसेनासा झाला तेव्हा ओढ्याच्या कडेने रान चढायला लागला. पाच वर्षांपूर्वी घोडे लावून ओंडके याच वाटेने ओढले होते. वाट अर्धी बुजली होती, पण पायांना माहीत होती. चढताना त्याच्या मनात एक विचार सारखा येत होता, की चोरवाटेने चढणाऱ्या माणसावर कुणी विश्वास का ठेवावा? म्हणून कुंपणाच्या तारा दिसताच त्याने पोतं जमिनीवर ठेवलं, फक्त ते झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगत पुढे चालू लागला.

"थांब. जागचा हलू नको."

आवाज तरुण होता आणि थरथरत होता. बंदुकीची नळी आधी दिसली, मग नौसैनिक. झोप, तो म्हणाला, तोंड खाली. अमोस ओल्या पानांत पालथा झाला. दुसरा सैनिक आला. त्याने पोतं उपसलं. करवत, पटाशी, रंधा, पाव.

"हत्यारं घेऊन कुठे चाललास, म्हाताऱ्या?"

"लेफ्टनंट प्रेंटिसना भेटायला."

"कशाला?"

"ते त्यांनाच सांगेन."

दोघांनी त्याला उठवून चौकीत नेलं. तिथे जाड मानेचा सार्जंट टेबलाशी बसला होता. त्याने झाकण उलटं-सुलटं केलं, ठोकून पाहिलं, प्रकाशाकडे धरलं, हुंगलंसुद्धा. आत काही लपवलंय का, हे त्याला बघायचं होतं. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, की लेफ्टनंट कामात आहेत आणि गाड्या गेल्याशिवाय कुठल्याही म्हाताऱ्यासाठी तो त्यांना बोलावणार नाही. कारण सांग, नाहीतर बस.

"कारण फक्त त्यांना सांगायचा शब्द दिलाय."

"शब्द दिलाय," सार्जंटने सैनिकाकडे पाहिलं. "चर्चमध्ये आलोय का आपण?"

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला. मग दोन. अमोसचे ओले कपडे अंगाला चिकटले होते. तो मनातल्या मनात हिशेब करत होता: भिंत फुगून अडकली असेल तर ती आधी दोन्ही कडांनी कापून सोडवावी लागेल, वीस मिनिटं. उतरवून रंधायला अर्धा तास. परत बसवायला पंधरा. एक वाक्य बोललं की हा माणूस धावत जाईल, हेही त्याला कळत होतं. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण या खोलीत आणखी तिघे होते, आणि ज्या गोष्टीचा उपयोग ती कुणाला ठाऊक नाही म्हणूनच आहे, ती त्याने तिघांना सांगितली तर दिलेल्या शब्दाबरोबर भिंतही गेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो म्हणाला, "सार्जंट, ते झाकण त्यांच्याकडे पाठवा. मी नको. नुसतं झाकण पाठवा आणि सांगा, की हे जुलैत एका बोटाने सरकत होतं."

सार्जंटने विचार केला. लाकडाच्या तुकड्याने त्याचं काही बिघडणार नव्हतं. सैनिक झाकण घेऊन गेला.

पाच मिनिटांत प्रेंटिस आला, टोपी न घालता. झाकण त्याच्या हातात होतं आणि झाकण खाचेतून सरकवायच्या प्रयत्नात त्याच्या अंगठ्याची कातडी सोलली होती. सगळ्यांना त्याने बाहेर काढलं.

"हे तिथलं लाकूड आहे?"

"त्याच फळीचं. मी नेलं होतं. न्यायला नको होतं."

"ते नंतर." प्रेंटिसचा आवाज खाली आला. "गेल्या रविवारी मी कडी तपासली. कडी उघडत होती."

"कडी उघडेल. भिंत हलणार नाही."

ते दोघे जवळजवळ पळतच खोलीकडे गेले. आत फिलिपिन्सचा मेसवाला, फाउस्तिनो नावाचा, शेकोटीत लाकडं रचत होता. प्रेंटिसने त्याला थांबायला सांगितलं, पण दार लावून घेतलं. मग त्याने कडी ओढली. कडी खट्‌दिशी उघडली. भिंत तशीच. त्याने खांदा लावला. अमोसने लावला. मग फाउस्तिनोनेही येऊन लावला. तिघांचा जोर होता आणि भिंतीतून कुरकुरही आली नाही.

प्रेंटिस मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग पार उतरला होता. मग तो सावकाश म्हणाला, "आयलर, मला सरळ उत्तर द्या. हे मुद्दाम केलंय?"

"नाही."

"मग तीस वर्षं काम करणाऱ्या सुताराला ओक फुगतं हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण डोक्याला. हाताला नाही. माझा हात चेस्टनटवर घडलाय. चेस्टनट जसं बसवायचं, तसं मी ओक बसवलं, घट्ट. चूक माझीच आहे. वखारीची नाही, तुमची नाही."

"लिहून द्याल?"

"देईन."

"शपथेवर?"

"शपथ नाही. नुसतं."

बाहेर कुणीतरी धावत गेलं. प्रेंटिसने घड्याळ पाहिलं. अडीच. पहाऱ्यातल्या सैनिकांतून दोन सुतार बोलवू शकतो, तो म्हणाला, आणि तुम्हाला आत्ता चौकीत बंद करू शकतो. नियमाने तेच करायला हवं. ते तो अमोसला सांगत नव्हता, स्वतःशी बोलत होता. अमोस थांबला. या माणसाच्या पुढच्या वाक्यावर रूबेनचंही काय ते ठरणार होतं.

"किती वेळ लागेल?" प्रेंटिसने विचारलं.

"एक तास पाच मिनिटं."

"मी इथेच उभा राहणार. तुमच्या हातांवर माझी नजर असेल."

"दिवा धरलात तर बरं होईल," अमोस म्हणाला.

करवतीचं पातं शिरायलाही जागा नव्हती. पटाशीने आधी खोबण पाडावी लागली. मग तो वरून खाली कापत आला, एका कडेने, मग दुसऱ्या. ओकच्या ओल्या भुशाचा आंबूस वास खोलीभर पसरला. भिंत सुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि बाहेर कुणीतरी ओरडलं. प्रेंटिसने खिडकीतून हात करून त्याला गप्प केलं. तिघांनी भिंत आडवी ठेवली. अमोस रंधायला लागला. लांब सलग ढलप्या निघत होत्या. पुरेसं वाटलं तिथे थांबून त्याने भिंत उभी करून पाहिली. बोटभर फट दिसत होती. तीस वर्षांत त्याच्या हातून असा सांधा गेला नव्हता. शिकाऊ सुताराच्या कानाखाली वाजवावी असला सांधा.

"झालं?" प्रेंटिस.

"नाही. धुकं अजून वाढेल." तो पुन्हा वाकला आणि आणखी अर्धं बोट काढलं.

आता फटीतून वारा येत होता, थेट पलंगाच्या उशाशी. प्रेंटिसने हात धरून पाहिला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मग फाउस्तिनो गेला आणि जुनी लोकरीची घोंगडी घेऊन आला. ती फाडून त्यांनी पट्ट्या केल्या आणि फटीत हलकेच खोचल्या. भिंत पडताना त्या आपोआप गळून पडल्या असत्या.

तीन चाळीसला प्रेंटिसने कडी ओढली. दोर कुरकुरला. भिंत सावकाश बाहेर झुकली आणि उतार होऊन धुक्यात टेकली. फाउस्तिनोने चाकाची एक रिकामी खुर्ची आणली. प्रेंटिस स्वतः तिच्यात बसला, चाकं फिरवली आणि एका दमात बाहेर गवतावर जाऊन थांबला. तो पाठमोरा होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. गाड्या वळणावरून पुढे आल्या होत्या.

भुसा झाडला गेला, भिंत वर गेली, पट्ट्या खोचल्या गेल्या. अमोसला आता बाहेर सोडणं शक्य नव्हतं. पाहुणे असेपर्यंत कुंपणातून कुणी जात-येत नसे. त्याला चौकीमागच्या लाकडाच्या कोठारात बसवलं. फळ्यांच्या फटीतून त्याला काही दिसत नव्हतं, फक्त खडीवर टायर वाजल्याचा आवाज आला, दारं उघडली-मिटली, आणि थोड्या वेळाने शेकोटीच्या धुराचा वास. त्याने पोत्यातला पाव काढला.

रविवारी दुपारी पाहुणे गेल्यावर प्रेंटिस आला. अमोसने लिहून दिलेला कागद त्याच्या हातात होता. तो म्हणाला, की हा वर पाठवावा लागेल, आणि त्याच्यासोबत तो स्वतःचाही एक कागद जोडतोय. त्यात काय लिहिलंय ते त्याने सांगितलं नाही. अमोस यापुढे छावणीत कामाला येऊ शकणार नाही, एवढं सांगितलं. मग दाराशी वळून म्हणाला, "थंडीत शेकोटीने ते आकसेल का?"

"आकसेल. फट वाढेल. घाबरू नका, फट चांगली. उन्हाळ्यातल्या दमट हवेत मात्र दर आठवड्याला उघडून बघा. नुसती कडी नाही, अख्खी भिंत."

"बघेन," प्रेंटिस म्हणाला. झाकण त्याने परत दिलं नाही.

अमोस खाली उतरला तेव्हा प्रार्थना कधीच संपली होती. तो एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गैरहजर होता. वाटेत मंडळीचे वडीलधारे बंधू योना भेटले आणि त्यांनी त्याच्या पोत्यातल्या करवतीकडे पाहून विचारलं, की रविवारी, आणि तेही सैन्याच्या दारी, कसलं काम निघालं होतं? अमोस म्हणाला, की ते सांगता येणार नाही, पण ते युद्धाचं काम नव्हतं. बंधू योनांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे.

लेटी स्वयंपाकघरात होती. पिठाच्या पेटीवर तिने फडकं टाकून वर ताटली ठेवली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून दिली.

"मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "एवढंच सांग, अडकलेलं निघालं?"

"निघालं."

तिने चुलीवर तवा ठेवला. ताटली बाजूला करून पीठ काढलं. मग म्हणाली, की पेटीला नवं झाकण लागेल, आणि या वेळी जरा सैल कर.